पोलीस ठाण्यात पहिल्यांदाच जाताय? फिर्यादीपासून निकालापर्यंत काय काय होतं

शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये, हे आपण लहानपणापासून ऐकतो. पण घर फुटलं, कुणी डोक्यात दगड घातला किंवा खात्यातले पैसे उडाले, की शहाण्यालाही ती चढावीच लागते. आमच्या घरी चोरी झाली तेव्हा वडील फिर्यादी होते. ठाण्यातल्या पहिल्या दिवसापासून कोर्टातल्या साक्षीपर्यंत मी त्यांच्याबरोबर होतो. तेव्हा कुणीतरी आधीच सांगायला हवं होतं असं जे जे वाटलं, ते इथे क्रमाने मांडतो. मी वकील नाही. तुमच्या प्रकरणातले बारकावे वकिलालाच विचारा. मात्र वकील गाठण्याच्या आधीच बरंच काही ठरून गेलेलं असतं आणि ते ठरवणारे तुम्हीच असता. कायदा सगळ्या देशाचा आहे. इथले शब्द आणि कामाची रीत महाराष्ट्रातली आहे.

१. आधी हे डोक्यात पक्कं करा: खटला तुमचा नाही, सरकारचा आहे

फौजदारी खटल्याच्या कागदावर ‘महाराष्ट्र शासन विरुद्ध अमुक तमुक’ असं लिहिलेलं असतं. चोरी तुमच्या घरी झाली, मार तुम्ही खाल्ला, तरी कायद्याच्या दृष्टीने गुन्हा समाजाविरुद्ध झालेला असतो. म्हणून खटला शासन चालवतं. तुम्ही फिर्यादी, म्हणजे खबर देणारे, आणि पुढे साक्षीदार.

बऱ्याच गोष्टींचा उलगडा इथेच होतो. खटला चालवायला तुम्हाला पदरचा वकील लावावा लागत नाही, ते काम सरकारी वकिलाचं. हवा असेल तर कोर्टाच्या परवानगीने सरकारी वकिलाच्या मदतीला स्वतःचा वकील देता येतो. दुसरं म्हणजे, ‘जाऊ दे, केस मागे घेतो’ असं म्हणून गुन्हा मागे घेता येत नाही. साध्या दुखापतीसारखे काही गुन्हे आपसात मिटवता येतात, काहींना कोर्टाची परवानगी लागते आणि खून, बलात्कार, दरोडा यांसारखे गुन्हे मिटवताच येत नाहीत. याची यादी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५९ मध्ये आहे. तिसरं, गुन्हा सिद्ध करायचं ओझं सरकारवर असतं आणि तो वाजवी संशयापलीकडे सिद्ध करावा लागतो. आरोपीला स्वतःविरुद्ध बोलायची सक्ती करता येत नाही, हा राज्यघटनेच्या अनुच्छेद २० मधला हक्क आहे. ‘त्यानेच केलंय हे सगळ्या गल्लीला माहीत आहे’ या वाक्याला कोर्टात किंमत नाही.

मग तुमच्या हातात उरतं काय? पहिला कागद नीट लिहून घेणं आणि पुढच्या प्रत्येक कागदाचा माग ठेवणं. या लेखातलं बाकी सगळं या दोन कामांसाठीच आहे.

२. जुनी कलमं विसरा

१ जुलै २०२४ पासून तीन नवे कायदे लागू आहेत. १८६० च्या भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि १८७२ च्या पुरावा कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम. पहिला कायदा गुन्हा कोणता आणि शिक्षा किती ते सांगतो, दुसरा तपास आणि खटला कसा चालायचा ते, आणि तिसरा पुरावा कशाला म्हणायचं ते.

फसवणाऱ्याला ‘चारसोबीस’ म्हणायची सवय जाणार नाही, पण न्याय संहितेत ४२० वं कलमच नाही. कलमं सगळी मिळून ३५८. फसवणूक आता ३१८ मध्ये आहे. खुनाची शिक्षा १०३ मध्ये गेली आणि ३०२ वर आता धार्मिक भावना दुखावणाऱ्या बोलण्याचं कलम आहे. एक अपवाद मात्र ध्यानात असू द्या: गुन्हा १ जुलै २०२४ च्या आधी घडला असेल, तर फिर्याद आज दिली तरी शिक्षेची कलमं जुन्या दंड संहितेचीच लागतात.

३. हा गुन्हा आहे की दिवाणी वाद?

‘हे दिवाणी आहे, कोर्टात जा,’ हे वाक्य ठाण्यात सर्रास ऐकायला मिळतं. कधी ते खरं असतं, कधी काम टाळण्यासाठी असतं. फरक ओळखता आला पाहिजे.

बहुतेक गुन्ह्यांना दोन गोष्टी लागतात: कायद्याने मना केलेली कृती आणि त्यामागचा दोषी हेतू. (निष्काळजीपणाने गाडी चालवून जीव घेणं यासारख्या गुन्ह्यांत हेतू नसला तरी निष्काळजीपणा पुरतो.) समजा, मित्राला तुम्ही दोन लाख उसने दिले आणि त्याचा धंदा बुडाल्यामुळे तो फेडू शकत नाही. ही फसवणूक नव्हे, थकलेली उधारी आहे; त्यासाठी दिवाणी दावा. पण त्याने खोटी नोकरी, खोटं नियुक्तिपत्र, खोटा शिक्का दाखवून पैसे घेतले असतील, तर पैसे घेतानाच त्याचा हेतू वाईट होता, आणि हा गुन्हा आहे. सगळी मदार ‘पैसे घेताना’ या वेळेवर आहे. म्हणून अशा फिर्यादीत ‘पैसे परत देत नाही’ एवढंच लिहून भागत नाही. त्याने काय सांगितलं, ते कधी सांगितलं, त्यावर विसंबून तुम्ही काय केलं आणि ते खोटं होतं हे कशावरून कळलं, असं लिहावं लागतं.

गावाकडे बांधाच्या भांडणात हाच घोळ होतो. बांध कुणाचा हे पोलीस ठरवू शकत नाहीत. त्यासाठी मोजणी, तहसीलदार, दिवाणी कोर्ट. पण त्या भांडणात कुऱ्हाडीचा दांडा डोक्यात बसला असेल तर तो गुन्हाच, जमीन कुणाचीही असो. फिर्याद देताना सात-बाऱ्याचा इतिहास चार ओळींत आटपा आणि दांड्याबद्दल सविस्तर सांगा. लोक नेमकं उलटं करतात.

चेक परत आला असेल तर ठाण्यात वेळ घालवू नका. त्याचा रस्ता वेगळा आहे. बँकेचा मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस, ती पोचल्यावर समोरच्याला पैसे भरायला १५ दिवस, तरी दिले नाहीत तर त्यानंतर एका महिन्यात थेट कोर्टात तक्रार.

४. दखलपात्र की अदखलपात्र

ठाण्याच्या टेबलावर तुमचं नशीब या एका प्रश्नावर ठरतं, म्हणून इथे जरा थांबूया.

दखलपात्र गुन्ह्यात पोलीस कोर्टाला न विचारता तपास करू शकतात आणि वॉरंटशिवाय अटकही करू शकतात. अशा गुन्ह्याचा एफआयआर होतो आणि त्याला गुन्हा रजिस्टर नंबर, म्हणजे गु.र.नं. मिळतो. अदखलपात्र गुन्ह्यात फक्त नोंद होते. तिला आपल्याकडे सगळे ‘एनसी’ म्हणतात. मॅजिस्ट्रेटच्या आदेशाशिवाय पोलीस तिचा तपास करू शकत नाहीत. म्हणजे एनसी घेऊन घरी येऊन वाट बघत बसलात, तर बसूनच राहाल. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७४ खाली (पुढे नुसतं ‘कलम’ म्हटलं की ते याच संहितेचं) तपासाचा आदेश मागायला किंवा स्वतः खासगी तक्रार करायला कोर्टात जावं लागतं.

शिवीगाळ, अब्रुनुकसानी, साधी चापट-बुक्की हे अदखलपात्र. घरफोडी, हिसकावून नेणं, हत्याराने मारणं, फसवून पैसे उकळणं, विनयभंग हे दखलपात्र. दोघांमधली रेष कधी कधी फार बारीक असते. मारहाणीत हाड मोडलं, निखळलं किंवा दात पडला, तर ती कायद्याच्या भाषेत गंभीर दुखापत होते आणि प्रकरण दखलपात्र होतं. म्हणून मारहाणीनंतर आधी सरकारी दवाखाना, मग बाकीचं. डॉक्टरला मार कशाने बसला ते सांगा, एक्स-रे काढून घ्या. ठाण्यातून दवाखान्यासाठी मेडिकल यादी, म्हणजे जखमा तपासून घेण्याचं पत्र, देतात, ती मागून घ्या. रक्त वाहत असेल तर यादीसाठी थांबू नका.

चोरीतही अशीच एक रेष आहे. नव्या कायद्यात ५,००० रुपयांपेक्षा कमी किमतीची साधी चोरी अदखलपात्र केली आहे. त्यामुळे वस्तूची किंमत अंदाजाने सांगू नका, बिल न्या. आणि खिशातून मोबाईल मारला गेला असेल तर ‘गहाळ झाला’ असं लिहून देऊ नका. ‘गहाळ करून टाका, लगेच दाखला मिळेल, सिम चालू होईल’ असा सल्ला बाहेरचे लोकही देतात. गहाळ म्हणजे गुन्हाच नाही, मग तपास कशाचा?

घटनेत दोन्ही प्रकारचे गुन्हे मिसळलेले असतील, म्हणजे शिवीगाळही झाली आणि काठीने डोकंही फोडलं, तर एक जरी दखलपात्र असला तरी सगळं प्रकरण दखलपात्र धरायचं, असं कलम १७४ मध्येच लिहिलं आहे. हे माहीत असेल तर ‘एनसी करून घेतो’ला शांतपणे उत्तर देता येतं.

दखलपात्रबरोबरच जामीनपात्र-अजामीनपात्र हे शब्दही कानावर पडतील. जामीनपात्र गुन्ह्यात जामीन हा आरोपीचा हक्क असतो, अजामीनपात्रमध्ये तो कोर्टाच्या मर्जीवर असतो. ‘अजामीनपात्र म्हणजे जामीन मिळतच नाही’ ही गावगप्पा आहे.

५. ठाण्यात जाताना सोबत काय न्यायचं

ओळखपत्र आणि त्याची झेरॉक्स. गेलेल्या वस्तूंची बिलं, दागिन्यांच्या पावत्या, गाडीचं आरसी बुक, मोबाईलचा आयएमईआय नंबर (तो खोक्यावर छापलेला असतो). उपचाराचे कागद. फोटो, सीसीटीव्हीचं चित्रण, मेसेज. चित्रण आणि मेसेज मूळ फोनमधून पुसू नका आणि फोन फॉरमॅट करू नका. कॉपी दिली तरी मूळ लागतं. शेजारच्या दुकानाचा कॅमेरा असेल तर दुकानदाराला त्याच दिवशी भेटा, कारण बऱ्याच कॅमेऱ्यांत जुनं चित्रण थोड्या दिवसांत आपोआप पुसलं जातं. आणि एक साधा कोरा कागद, ज्यावर घटना वेळेच्या क्रमाने तुम्ही आधीच लिहून काढली आहे. हा कागद सगळ्यांत उपयोगी पडतो.

ऑनलाइन फसवणूक असेल तर यातलं काहीही गोळा करत बसू नका. आधी १९३० ला फोन लावा. पैसे पुढच्या खात्यांत सरकायच्या आत ती खाती गोठवणं हाच तिथे खरा उपाय आहे. फिर्याद नंतरही देता येते. चालू घटनेत मदत हवी असेल तर ११२.

हद्दीवरून कुणी परत पाठवत असेल तर ऐकू नका. गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो, कुठल्याही ठाण्याने खबर नोंदवून घ्यायची आणि मग योग्य ठाण्याकडे पाठवायची, हे आता कलम १७३ मध्येच आहे. याला झिरो एफआयआर म्हणतात. प्रवासात रेल्वेत चोरी झाली तर याचा उपयोग होतो. ईमेलसारख्या इलेक्ट्रॉनिक मार्गानेही खबर देता येते, पण तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते, तरच ती नोंदीला लागते.

६. फिर्याद लिहून देताना

ठाणे अंमलदाराला तुम्ही सांगता, तो लिहून घेतो किंवा टाइप करतो, मग ते तुम्हाला वाचून दाखवायचं आणि तुम्ही सही करायची. त्याच्या शेजारी बसा. घाई करू नका, त्यालाही करू देऊ नका.

सगळ्यात मोठा सापळा म्हणजे वाढवून सांगणं. भावकीच्या भांडणात मारणारा एक असतो, पण फिर्यादीत चुलता, चुलती, बाहेरगावी शिकणारा पोरगा असे घरचे सगळे येतात. कुणीतरी सल्ला दिलेला असतो, ‘नावं जास्त टाक, दबाव येतो.’ मग तो पोरगा त्या दिवशी पुण्यात परीक्षेला बसलेला निघतो आणि त्याच्या हॉल तिकिटाबरोबर तुमची अख्खी फिर्याद संशयात जाते. शिवाय जाणूनबुजून खोटी खबर देणं हा स्वतंत्र गुन्हा आहे (न्याय संहितेची कलमं २१७ आणि २४८).

दुसरा सापळा याच्या उलट: महत्त्वाचं सांगायचं राहणं. फिर्याद म्हणजे कादंबरी नव्हे, बारीकसारीक तपशील नसला तरी चालतो. पण हत्यार कुठलं, कुणी मारलं, कुठे मारलं, कोण पाहत होतं, काय गेलं, एवढं आलंच पाहिजे. हे फिर्यादीत नसेल आणि कोर्टात पहिल्यांदाच सांगितलंत, तर आरोपीचा वकील नेमकं तेच धरतो: ‘हे तुम्ही पोलिसांना सांगितलं नव्हतं, आज पहिल्यांदा सांगताय.’

उशीर झाला असेल तर कारण लिहून घ्या. एफआयआरच्या छापील नमुन्यात उशिराच्या कारणासाठी वेगळा रकानाच असतो आणि तो कोरा राहिला की कोर्टात प्रश्न येतो. दवाखान्यात होतो, गावी होतो, भीती होती, जे खरं असेल ते. आरोपी माहीत नसेल तर ‘अज्ञात चोरट्याने’ असं लिहिलं जातं, त्यात काही कमीपणा नाही. संशय असेल तर तो संशय म्हणूनच सांगा.

कुठलं कलम लावायचं ते तुम्ही सांगायची गरज नाही. ते पोलीस लावतात आणि पुढे तपासात बदलतातही. तुम्ही घटना सांगा.

लैंगिक गुन्ह्यांत पीडित महिलेची फिर्याद महिला अधिकाऱ्यानेच नोंदवायची असते. पीडित व्यक्ती दिव्यांग असेल तर तिच्या घरी जाऊन, दुभाष्यासह.

सही केल्यावर एफआयआरची प्रत तिथेच मागा. ती मोफत आहे, तसं कायद्यात लिहिलं आहे. संवेदनशील गुन्हे सोडले तर महाराष्ट्र पोलिसांच्या संकेतस्थळावरूनही ती उतरवता येते. गु.र.नं., तारीख, तपासी अधिकाऱ्याचं नाव आणि फोन नंबर एका वहीत लिहा. ही वही निकालापर्यंत जपायची.

७. नोंदच घेतली नाही तर

दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाली की एफआयआर नोंदवणं बंधनकारक आहे, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०१३ साली ललिता कुमारी खटल्यात स्पष्ट केलं. नव्या कायद्याने यात एक फट ठेवली आहे. तीन वर्षांपासून सात वर्षांच्या आतल्या शिक्षेच्या गुन्ह्यांत पोलीस उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याची परवानगी घेऊन १४ दिवसांत प्राथमिक चौकशी करता येते. तेव्हा ‘चौकशी करतो मग बघू’ असं कुणी म्हणालं तर विचारायचं: परवानगी कुणाची, आणि १४ दिवस कधी संपतात?

तरीही नकारच असेल तर भांडू नका, कागदावर या. तक्रार लिहून ठाण्याच्या आवक-जावक टेबलावर द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. पोच देत नसतील तर पोस्टाने पाठवा, पावती जपा. मग तीच तक्रार पोलीस अधीक्षकांना. आयुक्तालय असलेल्या शहरात पोलीस उपायुक्तांना. तिथेही हललं नाही तर कलम १७५(३) खाली मॅजिस्ट्रेटकडे अर्ज करायचा. त्यासोबत प्रतिज्ञापत्र लागतं आणि आधी अधीक्षकांकडे गेल्याचा पुरावाही. पोस्टाची ती पावती इथे कामाला येते. थेट कोर्टात उडी मारणाऱ्यांचे अर्ज याच कारणाने परत येतात.

बलात्कार, ॲसिड हल्ला अशा ठरावीक गुन्ह्यांत खबर न नोंदवणाऱ्या लोकसेवकालाच न्याय संहितेच्या कलम १९९ खाली शिक्षा आहे, किमान सहा महिने सक्तमजुरीची.

वकिलाची फी झेपत नसेल तर तालुका किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा; ही कार्यालयं कोर्टाच्या आवारातच असतात. महिला, मुलं, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, दिव्यांग आणि कोठडीतली माणसं यांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो, इतरांना उत्पन्नाची मर्यादा असते. हेल्पलाइन १५१००.

८. पंचनामा आणि जबाब

फिर्यादीनंतर तपासी अधिकारी घटनास्थळी येतात. ते येईपर्यंत कशाला हात लावू नका. हे सांगायला सोपं आहे. चोरी झालेल्या घरात आई पहिल्यांदा कपाट आवरायला घेते. तिला थांबवा.

पंचनामा दोन पंचांसमोर होतो. झडती आणि जप्तीचं चित्रीकरण करणं आता बंधनकारक आहे, ते मोबाईलवरही चालतं. सात वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक पथकाने येऊन नमुने घ्यावेत अशी तरतूद आहे. पंच म्हणून कुणी शेजारी उभा राहायला तयार नसतो, कारण पुढे कोर्टात यावं लागतं. तुम्हीच दोघांना आधी विचारून ठेवलंत तर काम अडत नाही, पण ते तुमचे सख्खे नातेवाईक नसावेत.

साक्षीदारांचे जबाब हे फिर्यादीपेक्षा वेगळे असतात. फिर्यादीवर सही लागते. पोलिसांनी तपासात लिहून घेतलेल्या जबाबावर साक्षीदाराची सही घ्यायची नसते. कोऱ्या कागदावर तर कुठेच सही करू नका. महिला, १५ वर्षांखालची मुलं, ६० वर्षांवरची आणि आजारी माणसं यांना जबाबासाठी ठाण्यात यायची सक्ती करता येत नाही, पोलिसांनी घरी यायचं असतं. वडिलांच्या बाबतीत हे नम्रपणे सांगितलं आणि पुढचं काम घरच्या ओसरीवर झालं.

तपासाची प्रगती ९० दिवसांच्या आत फिर्यादीला कळवायची, असं कलम १९३ सांगतं. कळवलं नाही तर लेखी विचारा, गु.र.नं. घालून.

९. उलट तुमच्यावरच गुन्हा दाखल झाला तर

भांडणांत हे हमखास होतं: तुम्ही फिर्याद दिली की तासाभरात समोरचाही देतो. घाबरून गायब होऊ नका.

सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या बहुतेक गुन्ह्यांत लगेच अटक न करता कलम ३५(३) ची नोटीस देऊन हजर राहायला सांगतात. हजर राहिलात आणि सहकार्य केलंत तर सहसा अटकेची वेळ येत नाही. नोटिशीकडे दुर्लक्ष केलंत तर येते. अजामीनपात्र गुन्ह्यात अटकेची भीती असेल तर कलम ४८२ खाली सत्र न्यायालयात किंवा उच्च न्यायालयात अटकपूर्व जामिनाचा अर्ज करता येतो.

अटक झालीच तर अटकेचं कारण सांगणं, नातेवाइकाला कळवणं, वकिलाला भेटू देणं आणि प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आत मॅजिस्ट्रेटपुढे उभं करणं, हे सगळं बंधनकारक आहे. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयाआधी महिलेला अटक करायची तर महिला अधिकारी आणि मॅजिस्ट्रेटची परवानगी लागते. कोर्टात पीसीआर आणि एमसीआर हे शब्द ऐकाल. पहिली पोलीस कोठडी, दुसरी न्यायालयीन, म्हणजे तुरुंग. तपास ६० दिवसांत, आणि मृत्युदंड, जन्मठेप किंवा दहा वर्षं व जास्त शिक्षेच्या गुन्ह्यांत ९० दिवसांत, संपला नाही तर आरोपीला जामिनाचा हक्क मिळतो. मात्र त्यासाठी अर्ज करावा लागतो, आपोआप कुणी सोडत नाही.

फिर्यादींसाठी यातली एक गोष्ट: आरोपीला जामीन मिळाला म्हणजे तो सुटला नाही. आमच्या गल्लीत ‘आरोपी बाहेर आला, केस संपली’ अशी हवा झाली होती. खटला तेव्हा सुरूही झाला नव्हता.

१०. चार्जशीट की समरी

तपास संपला की दोनपैकी एक होतं. पुरावा मिळाला तर दोषारोपपत्र, म्हणजे चार्जशीट, कोर्टात जातं. नाही मिळाला तर पोलीस समरी पाठवतात, आणि इथे महाराष्ट्राची स्वतःची पद्धत आहे. ‘ए’ समरी म्हणजे गुन्हा खरा, पण आरोपी सापडला नाही किंवा पुरावा नाही. ‘बी’ म्हणजे फिर्याद खोटी, द्वेषाने दिलेली. ‘सी’ म्हणजे गैरसमजातून दिलेली किंवा दिवाणी स्वरूपाची. घरफोड्यांच्या कित्येक फायली ‘ए’ मध्ये जातात. नंतर चोर सापडला तर ती पुन्हा उघडते. ‘बी’ मात्र गंभीर आहे, कारण तीत तुम्हालाच खोटं ठरवलेलं असतं.

समरी मान्य करण्याआधी कोर्टाने फिर्यादीला नोटीस देऊन त्याचं म्हणणं ऐकायचं असतं. सर्वोच्च न्यायालयाने १९८५ सालीच ते सांगितलं आहे. नोटीस आली की ‘केस संपल्याचा कागद दिसतोय’ म्हणून कपाटात टाकू नका. तारखेला जा आणि लेखी हरकत घ्या. वकील त्याला प्रोटेस्ट पिटिशन म्हणतात. पत्ता बदलला असेल तर ठाण्यात आणि कोर्टात कळवून ठेवा, नाहीतर नोटीस जुन्या घरी जाऊन परत फिरते.

११. साक्ष

चार्जशीटनंतर प्रकरणाला सीएनआर नंबर मिळतो, तो १६ अंक-अक्षरांचा असतो. ई-कोर्ट्सच्या ॲपवर तो टाकला की पुढची तारीख घरबसल्या दिसते. प्रत्येक तारखेला फिर्यादीने जायची गरज नसते. समन्स आलं की जायचं. समन्स मिळूनही गेला नाहीत तर वॉरंट निघू शकतं, फिर्यादीविरुद्धही.

साक्षीला बरीच वर्षं मध्ये गेलेली असतात. आदल्या दिवशी वहीसोबत ठेवलेली एफआयआरची प्रत वाचा आणि सकाळी सरकारी वकिलांना भेटा. आधी सरकारी वकील विचारतात तो सरतपास, मग आरोपीचा वकील घेतो ती उलटतपासणी. प्रश्न पूर्ण ऐका, विचारलं तेवढंच सांगा. आठवत नसेल तर ‘आठवत नाही’ म्हणा. अंदाज ठोकलात की त्यातून दहा प्रश्न निघतात. ‘तुम्ही खोटं सांगत आहात’ असं वकील म्हणेल. ते त्याला म्हणावंच लागतं, त्यावर चिडू नका. ‘खोटं नाही’ एवढं पुरतं. तुमचं उत्तर कसं लिहून घेतलं जातंय इकडे कान ठेवा. चुकीचं उतरलं असेल तर तिथल्या तिथे न्यायाधीशांना सांगता येतं, सही केल्यावर नाही.

कोर्टाच्या दारात समोरच्याकडून कुणी चहा घेऊन आलं, तर तो आधी समजावतो आणि मग धमकावतो. धमकी आली तर गप्प न बसता न्यायाधीशांना किंवा सरकारी वकिलांना सांगा. साक्षीदाराला धमकावणं हा वेगळा गुन्हा आहे.

१२. मुद्देमाल आणि नक्कल

चोरीचा माल सापडला तरी तो लगेच घरी येत नाही, मुद्देमाल म्हणून ठाण्यात जमा होतो. त्यासाठी निकालापर्यंत थांबायचं कारण नाही. मॅजिस्ट्रेटकडे मुद्देमाल परत मिळण्याचा अर्ज करा. मालकीची बिलं जोडली की कोर्ट फोटो, वर्णन आणि बंधपत्र घेऊन वस्तू परत देतं. गाडी असेल तर अजिबात उशीर करू नका. ठाण्याच्या आवारात उन्हापावसात गंजलेल्या गाड्यांची रांग पाहिली असेलच.

निकाल लागला आणि आरोपी निर्दोष सुटला, किंवा शिक्षा कमी दर्जाच्या गुन्ह्याची झाली, किंवा भरपाई अपुरी मिळाली, तर पीडिताला स्वतः अपील करता येतं. सरकार करतंय का याची वाट पाहावी लागत नाही. (शिक्षेची वर्षं कमी वाटली, एवढ्याच कारणावर मात्र अपील सरकारलाच करावं लागतं.) बलात्कार आणि ॲसिड हल्ल्याच्या पीडितांसाठी राज्यात मनोधैर्य योजना आहे, तिचा अर्ज निकालाआधीच जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात करता येतो. अपिलाला मुदत असते, म्हणून निकालाच्या दिवशीच प्रमाणित नकलेचा अर्ज टाका आणि अर्जाची पावती घ्या. नक्कल तयार व्हायला कोर्टाला लागलेले दिवस मुदतीतून वगळतात, पण ते अर्जाच्या तारखेपासूनच मोजले जातात.